१९ दिवस वीज नव्हती: किनाऱ्यावरच्या एका मेडिकलचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दुकानातलं आहे. दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या अलीकडे, उतारावरच्या एका गावात माझं मेडिकल आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि त्याच्या तडाख्यात आमचा दापोली-मंडणगडचा पट्टाही सापडला. पुढचे १९ दिवस दुकानात वीज नव्हती. त्या दिवसांत फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय झालं, ते कोणाला दिलं आणि कोणाला नाकारलं, नियमांनी कुठे हात दिला आणि कुठे वाट अडवली, हे मी इथे मांडते आहे. रुग्णांची ओळख पटेल असं काही लिहिलेलं नाही.

आधी दुकानाबद्दल. किरकोळ औषधविक्रीच्या परवान्याला किमान १० चौरस मीटर जागा लागते. माझी त्याहून जेमतेम जास्त आहे. भिंतीवर फ्रेममध्ये फॉर्म २० आणि फॉर्म २१ चे परवाने आणि शेजारी माझं फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. फॉर्म २१ हा शेड्यूल सी आणि सी-१ (शेड्यूल म्हणजे नियमांतली औषधांची यादी) मधल्या औषधांसाठी असतो, म्हणजे लसी, सीरम, इन्सुलिन वगैरे. ही औषधं ठेवायची तर फ्रिज हवाच. परवाना देण्याआधी जागा बघायला आलेल्या ड्रग इन्स्पेक्टर मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ फ्रिजसमोर घालवला होता. त्यांच्याच सांगण्यावरून मी बाहेर आकडा दिसणारा, आत वायर जाणारा, सेलवर चालणारा थर्मामीटर घेतला आणि सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायला लागले. ती सवय पुढे किती उपयोगी पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

आसपासच्या चार-पाच वाड्यांना जवळचं दुकान हेच. दापोली १५-१६ किलोमीटर, प्राथमिक आरोग्य केंद्र ४ किलोमीटर. लोक मला वहिनी म्हणतात, कारण मी या गावात सून म्हणून आले. मधुमेहाची औषधं नियमित नेणारी त्या वेळी साठेक माणसं होती, त्यांतली इन्सुलिनवर १७. हे आकडे तोंडपाठ आहेत कारण कॉम्प्युटरबरोबर मी एक जाड वहीही ठेवते: नाव, औषध, ताकद, डोस, कोणत्या डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटचं कधी नेलं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज रोजच रुसते, म्हणून ही वही.

वादळाच्या दिवशी सकाळी साडेदहाला वीज गेली. फ्रिजमध्ये ४० युनिटच्या इन्सुलिनच्या २८ बाटल्या, १०० युनिटच्या ९ कार्ट्रिज (इन्सुलिनच्या पेनात बसवायच्या नळ्या), धनुर्वाताची इंजेक्शनं आणि काचबिंदूच्या थेंबांच्या काही बाटल्या होत्या. फ्रिज उघडायचा नाही हे ठरवून दाराला चिकटपट्टी लावली. दुपारी समोरच्या वाडीतले माड एकेक करून आडवे होताना मी दाराच्या फटीतून पाहिले. पोफळी तर काडीसारख्या मोडत होत्या. आमच्या पडवीची कौलं गेली, दुकानाचा स्लॅब होता म्हणून दुकान वाचलं. वहीतल्या नोंदी अशा आहेत: ३ जून, सकाळी ११, ५ अंश. दुपारी ४, १० अंश. रात्री ९, १५ अंश. ४ जून, सकाळी ७, २१ अंश.

लेबलवर लिहिलेलं असतं २ ते ८ अंश. पण बहुतेक ह्यूमन इन्सुलिनच्या माहितीपत्रकात हेही असतं की वापरात घेतलेली बाटली फ्रिजबाहेर, ऊन आणि उष्णता टाळून, साधारण चार आठवडे वापरता येते. म्हणजे २१ अंशांवर एक रात्र गेल्याने इन्सुलिन नासत नाही. ते अजून किती दिवस टिकेल याचं घड्याळ मात्र सुरू होतं. इन्सुलिनचा खरा वैरी दुसऱ्या बाजूला आहे. एकदा गोठलं की ते संपलं, परत वितळलं तरी उपयोग नाही. हे इतकं सविस्तर सांगते आहे कारण पुढे जो पहिला उपाय सुचला, त्यात नेमका हाच धोका होता.

४ तारखेला माझे दीर झाडांवरून चढत-उतरत बंदरावर गेले आणि बर्फाच्या कारखान्यातून भुशात दाबून ठेवलेली एक लादी गोणपाटात बांधून घेऊन आले. मासळीची थर्माकोलची पेटी घरात होती. मासळीवाले बर्फात मीठ मारतात, तसं मारू का, असं दीर सहज विचारून गेले. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो, तेव्हा ते आधीच थांबवलं. तळाला फोडलेला बर्फ, त्यावर गोणपाटाची घडी, त्यावर वर्तमानपत्राचे थर आणि मग झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बाटल्या. थर्मामीटरची वायर डब्यात सोडली. अर्ध्या तासात आकडा १ वर आला. डबा बाहेर काढला, गोणपाटाची आणखी एक घडी घातली, बाटल्या कापडात गुंडाळल्या, आणि तासाभराने ६ वर स्थिर झालं. पुढचे चार दिवस दर दोन तासांनी मी तो आकडा पाहत होते, रात्रीही.

गावात एक घरगुती लॉज आहे, त्यांच्याकडे जनरेटर होता. मालक आपणहून आले, म्हणाले, "वहिनी, माल आमच्या फ्रिजमध्ये ठेवा, संकोच नको." मनापासून बोलत होते. पण परवाना माणसाला असतो तसाच जागेला असतो. परवान्यावरच्या पत्त्याबाहेर औषधांचा साठा ठेवणं नियमात बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी दिवसभर उघडझाक होणाऱ्या, पाहुण्यांच्या दुधा-मटणाच्या फ्रिजवर माझं लक्ष राहणार नव्हतं. मी त्यांना उलटं विचारलं, जनरेटरच दोन-दोन तास दुकानात आणता येईल का? पेट्रोल मिळायला लागल्यावर, ८ जूनपासून, त्यांनी तो दिवसातून तीन वेळा हातगाडीवर आणला. भाडं घेतलं नाही.

आता माणसांकडे येते.

४ जूनच्या संध्याकाळी शेजारच्या वाडीतली एक आई आली. तिची १४ वर्षांची मुलगी टाइप १ मधुमेहाची, सहा वर्षांपासून माझ्याकडूनच इन्सुलिन नेते. स्वयंपाकघराची भिंत पडली, त्यात इन्सुलिन गेलं, चिठ्ठीची फाईल पाण्यात. तिने मला ओला कागद दाखवला, त्यावर निळ्या शाईचे फक्त ओघळ उरले होते. सकाळचा डोस चुकला होता. टाइप १ च्या मुलाला इन्सुलिन नसेल तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल वाढून जीव जाऊ शकतो. मधुमेहाच्या इतर बऱ्याच रुग्णांसारखं इथे गोळीवर निभावत नाही. आरोग्य केंद्राच्या रस्त्यावर विजेचे खांब तारांसकट पडलेले, फोनला रेंज नाही.

ड्रग्ज रूल्स, म्हणजे औषधविक्रीचे केंद्राचे नियम, त्यांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत डॉक्टरच्या लेखी, सही-तारखेच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच वर्षी २६ मार्चला केंद्राने लॉकडाऊनसाठी एक सवलत दिली होती: त्याच जिल्ह्यातल्या रुग्णाला ईमेलने आलेल्या चिठ्ठीवर घरपोच औषध देता येईल, जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली हवी. मे महिन्यात मी ती सवलत भरपूर वापरली. फोनवर डॉक्टरांनी तपासावं यासाठीही नियमावली आली होती. पण हे सगळं मोबाईलच्या टॉवरवर उभं होतं आणि टॉवर पडला होता. ओळखीच्या रुग्णाला, जुनी चिठ्ठी फार्मासिस्टने स्वतः पाहिलेली असताना, संकटात थोडंसं औषध देता यावं, अशी जागा मला नियम ६५ मध्ये आजही सापडत नाही.

मी तिला दिलं. वहीतून तिचं औषध, ताकद, डोस पाहिला आणि दोन प्रकारच्या इन्सुलिनची एकेक बाटली दिली. टॉर्चच्या उजेडात कार्बनचं बिल फाडलं, बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहिली, आणि वेगळ्या पानावर तारीख, वेळ, चिठ्ठी का नाही, मी का दिलं, हे लिहून सही केली. आईची सही घेतली. खोक्यावर मार्करने लिहिलं: "३ जूनपासून फ्रिजबाहेर. १ जुलैनंतर वापरू नये." नियमाने हे चूक होतं. मी तेव्हाही ते चूक म्हणूनच लिहून ठेवलं आणि आज त्याच परिस्थितीत परत देईन.

आईने विचारलं, घरी ठेवू कुठे, माठात चालेल? उन्हाळ्यात ओल्या कापडाचा माठ चांगला गार राहतो, पण जूनमध्ये आमची हवाच ओलीचिंब असते, पाणी उडत नाही, त्यामुळे माठ फारसा गार होत नाही. तरी पत्र्याच्या तापापासून आणि चुलीपासून लांब राहायला तो पुरतो. तसंच सांगितलं.

त्या तीन दिवसांत आणखी काही जण आले. एका गृहस्थांना तीन बाटल्या हव्या होत्या, वर पैसे द्यायची तयारी होती. मेणबत्त्या तेव्हा दुप्पट भावाने जात होत्या, त्यामुळे त्यांना त्यात गैर वाटलं नसावं. औषधावर छापलेल्या किमतीच्या वर एक रुपया घेता येत नाही, आणि बाटली माणशी एकच, हे दोन्ही त्यांना सांगितलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनची मागणी प्रचंड होती, पत्र्यांनी आणि खिळ्यांनी अर्ध्या गावाचे हातपाय कापले होते.

६ जूनची संध्याकाळ मात्र मला तपशिलात सांगायची आहे. मे महिन्यात मुंबईहून परतलेले एक चाकरमानी, वय ५८, कोरोनाच्या विलगीकरणात शाळेत १४ दिवस काढून घरी आलेले, दुकानात आले. "दोन सिरिंजा द्या, लाल टोपीच्या," एवढंच म्हणाले. इन्सुलिनची सिरिंज मागणारा माणूस माझ्या ओळखीचा नसेल तर मी एक प्रश्न विचारतेच: कशासाठी? त्यांनी खिशातून कार्ट्रिज काढली. त्यांचं पेन कौलाखाली चिरडलं गेलं होतं, शेजारच्या आजी बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजने घेतात, तसंच यातून काढून घेईन, असा त्यांचा हिशोब. डोस सकाळी २० युनिट.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीलीटरला ४० युनिट असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिट असतं, त्याच्या मापाची सिरिंज केशरी टोपीची. लाल सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिलीलीटर येतो. तो कार्ट्रिजमधला असेल तर शरीरात २० नाही, ५० युनिट जातात. अडीचपट. तो माणूस सकाळी डोस घेऊन पडलेली कौलं उचलायला लागला असता आणि दहा वाजता घामाने थबथबून कोसळला असता, आणि सगळ्यांना वाटलं असतं थकवा आहे.

मी काउंटरवर सिरिंज फोडली, वाटीतलं पाणी २० पर्यंत ओढून दाखवलं. मग कागदावर मांडणी केली. ते बँकेत काम केलेले गृहस्थ होते, आकडे बघताच गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "काल रात्री एकदा घेतलंय, कमी घेतलं, दहाच." म्हणजे २५ युनिट. जेवण झालेलं होतं म्हणून निभावलं होतं.

केशरी सिरिंज माझ्याकडे नव्हती. ही माझी चूक, तिची मागणी नसते म्हणून मी ठेवत नव्हते. त्यांच्याच प्रकारचं, ३०/७० चं (जलद आणि सावकाश इन्सुलिनचं मिश्रण), ४० युनिटचं इन्सुलिन बाटलीत माझ्याकडे होतं. पण चिठ्ठीवर असलेल्या औषधाऐवजी दुसरं तयार औषध, घटक तेच असले तरी, फार्मासिस्टने आपल्या मनाने द्यायचं नाही असं नियम ६५ मध्येच लिहिलेलं आहे. हा नियम मला अनेकदा जाचक वाटतो. त्या संध्याकाळी वाटला नाही, कारण समोर जे होतं ते नाव बदलण्यापलीकडचं होतं: ताकद बदलत होती, साधन बदलत होतं, आणि माणूस नवखा होता. आईच्या बाबतीत मी सहा वर्षं पाहिलेली गोष्ट पुढे चालू ठेवली होती. इथे मला नवा निर्णय घ्यावा लागला असता, आणि तो डॉक्टरांचा.

त्या दिवशी दुपारी आरोग्य केंद्राची पायवाट मोकळी झाली होती. मी वहीतून ज्यांचं औषध संपत आलं आहे अशा ११ जणांची यादी काढली, नाव, औषध, ताकद, डोस, शेवटचं कधी नेलं हे सगळं उतरवलं, शटर ओढलं आणि त्या गृहस्थांबरोबर चालत निघाले. माझा मदतनीस मुलगा हुशार आहे, पण नोंदणीकृत फार्मासिस्ट नाही. फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरची औषधं देणं हे फार्मासिस्टचंच काम. मी नसताना दुकान बंद.

वैद्यकीय अधिकारी तीन दिवस घरी गेलेले नव्हते. त्यांनी गृहस्थांची साखर तपासली, ४० युनिटच्या बाटलीची नवी चिठ्ठी लिहिली, त्यात "लाल टोपीची सिरिंज" हे शब्द स्वतः घातले आणि डोस थोडा कमी केला. मग माझी यादी घेतली. त्या मुलीचं नाव पहिलं होतं. आठ जणांना ते ओळखत होते, त्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. दोघांना म्हणाले, समोर आणा. शेवटचं नाव झोपेसाठी अल्प्राझोलाम घेणाऱ्या एका काकांचं होतं. ते त्यांनी साफ नाकारलं. हे शेड्यूल एच-१ मधलं औषध, १ मार्च २०१४ पासून त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, संख्या, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. काका माझ्यावर खूप चिडले. पण हे औषध एकदम बंद करणंही बरं नसतं, म्हणून मी त्यांना दुसऱ्या दिवशी केंद्रात जायला लावलं. डॉक्टरांनी तपासून पाच गोळ्या लिहून दिल्या.

परत आले तेव्हा दुकानासमोर सहा माणसं उभी होती. त्यांतला एक बाप तापाने फणफणलेल्या लेकराला खांद्यावर घेऊन दीड तास थांबला होता. त्याला हवं होतं फक्त पॅरासिटामॉलचं औषध. तो काही बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्या दिवशी माझी पावलं नियमात होती, पण यादी आणि पत्र देऊन मदतनीसाला त्या गृहस्थांबरोबर पाठवलं असतं तरी डॉक्टरांनी बहुतेक हेच केलं असतं. मला स्वतः बोलायचं होतं, म्हणून मी गेले. हा निर्णय मी अजून तपासते आहे.

११ जूनला स्टॉकिस्टकडून सहा नव्या बाटल्या आल्या. वीज २२ ला आली. १ जुलैला उरलेल्या १४ बाटल्या आणि ९ कार्ट्रिज मी वेगळ्या खोक्यात घालून त्यावर "विक्रीसाठी नाही" लिहिलं. जुलैच्या मध्यात ड्रग इन्स्पेक्टर आल्या. मी त्यांना तापमानाची वही, बिलबुक आणि सहीचं ते पान, तिन्ही स्वतःहून दाखवलं. त्यांनी सगळं वाचलं, बराच वेळ वाचलं. म्हणाल्या, "तुम्ही का दिलंत ते मला कळतं. पण लेबलवर २ ते ८ लिहिलंय, आणि मला लेबलच वाचावं लागतं." तपासणी वहीत शेरा आला: थंड साखळी खंडित झालेल्या मालाची विक्री, लेखी खुलासा द्यावा, उरलेला माल नष्ट करावा, विजेची पर्यायी सोय करावी. मी खुलासा दिला, माल नष्ट केला, इन्व्हर्टर घेतला. पुढे कारवाई झाली नाही.

त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी त्यांचं काम नेटकं केलं, आणि तपासणी कडक असते म्हणूनच माझ्या हातात ती तापमानाची वही होती. माझं म्हणणं नियम करणाऱ्यांकडे आहे. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टला अशा अडचणीत, आधी डॉक्टरांनी दिलेलं औषध, रुग्णाशी बोलून, नोंद करून, ठरावीक मर्यादेत देता येतं; सगळ्यात कडक नियंत्रणाखालची नशेची औषधं मात्र त्यातून जवळपास पूर्ण वगळलेली आहेत. आपल्याकडे दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे असा कायद्याचा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे. मग ज्या दिवशी रस्ता, फोन, वीज तिन्ही नसतात, त्या दिवशी त्याच्या शिक्षणावर तीन-चार दिवसांच्या औषधापुरता विश्वास ठेवायला काय हरकत आहे? एच-१ आणि एक्स ही कडक नियंत्रणाची शेड्यूल वगळा, फक्त नोंदीतल्या जुन्या रुग्णापुरतं ठेवा, सात दिवसांत चिठ्ठी आणण्याची अट घाला, नोंद इन्स्पेक्टरकडे पाठवण्याची सक्ती करा. मी ते सगळं पाळेन. तेव्हा मला जे चोरून केल्यासारखं करावं लागलं, ते उघडपणे करता येईल.

दुकानात बदल झाले ते साधे आहेत. केशरी टोपीच्या सिरिंजचं एक पाकीट कायम असतं. इन्सुलिनच्या प्रत्येक बिलावर ४० की १०० हे मी गोल करून लिहिते आणि सिरिंज देताना बाटली दाखवायला सांगते; काही जणांना याचा कंटाळा येतो, तरी विचारते. पेन वापरणाऱ्यांना डॉक्टरांकडून एक ओळ जास्तीची लिहून आणायला सांगते: पेन मोडलं तर काय. मे अखेरीस वहीतली नावं काढून, ज्यांच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या त्यांना निरोप देते.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळाचा इशारा आला. वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून गेलं १६ तारखेला. १४ ला दुपारी ती आई दुकानात आली. मुलगी बरोबर होती, आता १५ वर्षांची, स्वतःचा डोस स्वतः ठरवणारी. पिशवीतून मुलीने प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली नवी चिठ्ठी काढली, बाटल्या घेतल्या, खोक्यावरची एक्स्पायरी वाचून पाहिली आणि मला विचारलं, "ताई, तुमच्या इन्व्हर्टरचं पाणी बघितलंत का?"